टँकलेस गिझर बसवावा का? नाशिकच्या रो हाऊसमधून एक रिव्ह्यू

आमच्याकडे वरच्या बाथरूमला २५ लिटरचा जुना स्टोरेज गिझर आहे आणि खालच्या कॉमन बाथरूमचा १५ लिटरवाला मागच्या थंडीत तळातून गळायला लागला. टाकीच सडली होती, रिपेअर काही होणार नव्हता. त्यामुळे घरात चर्चा सुरू झाली की आता परत टाकीवालाच घ्यायचा की सरळ टँकलेस करून टाकायचं, खाली पण आणि वर पण. नवऱ्याचा मित्र पुण्याला असतो, त्याने सांगितलं टँकलेस घ्या, पाणी संपतच नाही. सासूबाई म्हणाल्या, "मला तुमचं ते शॉवरबिवर काही नको, माझी बादली पहाटे साडेपाचला कडकडीत पाहिजे, मग तुम्ही काय हवं ते बसवा." आणि वरून २०२७ ला सिंहस्थ. नाशिककरांना वेगळं सांगायला नको, ज्या नातेवाईकांची नावं आपण विसरलोय ते पण फोन करून विचारायला लागलेत की तुमच्या घरापासून रामकुंड किती लांब.

तर हा रिव्ह्यू एका वस्तूचा नाहीये, टँकलेस करायचं की नाही या निर्णयाचाच आहे. शेवटी खाली गॅसचा टँकलेस बसवला आणि वर नाही बसवला. का ते सांगते. मी अंबडला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे त्यामुळे थर्मामीटर आणि स्टॉपवॉच घेऊन फिरायची सवयच आहे, घरचे हसतात पण ठीक आहे.

आधी दुकानात काय मिळतं ते. टँकलेस म्हणून विचारलं की तीन वेगवेगळ्या गोष्टी समोर ठेवतात. एक तो छोटा ३ लिटरवाला, ३ किलोवॅटचा, ज्याला सगळे इन्स्टंट म्हणतात, किंमत साधारण तीन-चार हजार. याच्या पोटात ३ लिटरची टाकी असतेच, म्हणजे पहिलं दोन-चार मगभर पाणी गरम येतं आणि नंतर नळ जोरात सोडला की कोमट. दुसरा गॅसचा, मिनिटाला ६ लिटरवाला, यात खरोखर टाकी नसते, तांब्याच्या कॉइलमधून पाणी जातं आणि खाली बर्नर पेटतो. आणि तिसरा विजेवरचा खराखुरा टँकलेस, जो इकडे फारसा कोणी ठेवत नाही, मागवून देतो म्हणतात. पाटीवर तिन्हींना एकच नाव लावलेलं असतं आणि काउंटरवरचा पोरगा तिन्हींबद्दल एकच वाक्य बोलतो, "मॅडम एकदम बेस्ट आहे, बटण दाबलं की गरम."

बटण दाबलं की गरम हे बरोबर आहे हो, पण किती पाणी आणि किती गरम हा प्रश्न आहे आणि तो हिशोब शाळेतल्या फिजिक्सचा आहे. एक लिटर पाणी एक डिग्रीने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात, यात कुठल्याही कंपनीची कुठलीही टेक्नॉलॉजी काही करू शकत नाही. आपल्याकडे जानेवारीत पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मी मोजलं तर १५ डिग्री भरलं (निफाडवाल्यांकडे अजून गार असणार, तिथला पारा दर वर्षी पेपरात येतोच). अंघोळीला ४० डिग्री म्हणजे छान. म्हणजे २५ डिग्री चढवायचेत. ३ किलोवॅटचा हीटर हे करू शकतो मिनिटाला फक्त पावणेदोन लिटरच्या आसपास. पावणेदोन लिटर म्हणजे नळाला बारीक धार, २० लिटरची बादली भरायला अकरा-बारा मिनिटं. साधा शॉवर मिनिटाला सहा-सात लिटर सहज घेतो. म्हणजे जानेवारीत इन्स्टंटवर शॉवर घ्यायचा तर एकतर कुडकुडायचं नाहीतर धारेखाली एक एक खांदा आळीपाळीने ठेवायचा.

मग म्हटलं विजेवरचा मोठा घेऊ. ६ लिटर पाणी मिनिटाला २५ डिग्रीने तापवायचं तर साडेदहा किलोवॅट लागतात. सिंगल फेजवर हे ४५ अँपियरच्या वर जातं, आणि आमच्या पूर्ण घराचा मेन एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच, ४० चा आहे. फ्रीज, मोटार, मिक्सर सगळं बंद करून अंघोळ केली तरी ट्रिप. थ्री फेज कनेक्शन घ्यायचं म्हणजे महावितरणकडे अर्ज, मंजूर भार वाढवणं, मीटरपासून बाथरूमपर्यंत नवीन जाड वायर, आणि दर महिन्याचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून जास्त, अंघोळ करा नाहीतर नका करू. परदेशात तर घराघरात हे लावतात मग आपण का नाही असं नवऱ्याने विचारलं. एक तर तिकडे घराला येणारं कनेक्शनच दणकट असतं. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, तिकडे टाकीवाला हीटर बारा महिने चोवीस तास चालू असतो, न वापरता ठेवलेलं पाणी सारखं सारखं तापत राहतं, ते वाया जाणं टँकलेसमुळे वाचतं, तीच त्याची मोठी जाहिरात. आपल्याकडे कोण चोवीस तास गिझर चालू ठेवतंय? आपण अंघोळीआधी अर्धा तास बटण लावतो आणि शेवटचा बाहेर आला की आतून ओरडतो, गिझर बंद केला का रे. त्यामुळे ती बचत आपल्याला फारशी लागूच होत नाही. बाकी बादलीला लागणारी वीज दोन्हीकडे सारखीच. २० लिटर, २५ डिग्री, म्हणजे ०.६ युनिटच्या जवळपास. २ किलोवॅटचा स्टोरेज ते अठरा मिनिटांत करेल आणि ३ किलोवॅटचा इन्स्टंट बारा मिनिटांत, मीटर तेवढाच फिरणार. ३ लिटरवाला वीज वाचवतो असं जे सांगतात ना, तो वाचवतो कारण आपण वैतागून कमी पाण्यात अंघोळ उरकतो.

(एक गोष्ट लक्षात ठेवा, स्टार रेटिंगचं लेबल टाकीवाल्या गिझरला असतं. त्या ३ लिटरवाल्यावर कोणी पाच स्टार आहे म्हणून सांगत असेल तर लेबल दाखवा म्हणावं.)

म्हणजे राहिला गॅस. इथे हिशोब पलटतो. ६ लिटरवाला गॅस गिझर ती साडेदहा किलोवॅटची उष्णता आरामात देतो, एमसीबी नको, थ्री फेज नको, लाईट गेली तरी चालतो कारण ठिणगीला फक्त दोन मोठे सेल लागतात. खर्च बघा. एलपीजीच्या एका किलोत साधारण ४६ मेगाज्यूल, त्यातले ८५ टक्के पाण्याला मिळतात असं धरलं तर एका बादलीला ५४-५५ ग्रॅम गॅस. १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपये धरला तर बादली साडेतीन रुपयाला. विजेवर तीच बादली, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क सगळं पकडून शंभराच्या पुढच्या युनिटला आम्हाला बारा-तेरा रुपये पडतात, म्हणजे सात-आठ रुपये. निम्म्याने फरक आहे. चार माणसं, थंडीतला महिना, गॅस साडेसहा किलो म्हणजे अर्ध्या सिलिंडरला थोडा कमी, चारशे रुपयांच्या आसपास, आणि विजेचे ७०-७२ युनिट म्हणजे नऊशे. वर ते ७२ युनिट तुम्हाला ३०० च्या वरच्या स्लॅबमध्ये ढकलत असतील तर अजूनच जास्त. उन्हाळ्यात हा फरक विसरा, एप्रिल-मेमध्ये गच्चीवरची टाकीच गिझर असते, दुपारी तर गार पाण्याचा नळ सोडून हात भाजतो.

दिवाळीच्या पहाटेचं उदाहरण देते कारण खरी परीक्षा त्या दिवशी असते. नरक चतुर्दशी, सगळ्यांना उजाडायच्या आत अभ्यंगस्नान पाहिजे, उटणं लावून बसलेली माणसं रांगेत, नणंद तिच्या दोन पोरांसकट आलेली. २५ लिटरचा स्टोरेज ६० डिग्रीला तापला तरी गार पाणी मिसळून ४० डिग्रीचं ४५ लिटर मिळतं, म्हणजे दोन बादल्या आणि थोडं. मग पुढची चाळीस मिनिटं वाट बघा. उटणं सुकून पिठासारखं गळायला लागतं आणि पोरं सोफ्याला अंग पुसतात. गॅसवर आठ बादल्या म्हणजे १६० लिटर, सहा लिटरच्या हिशोबाने अर्ध्या तासात, गॅस अर्धा किलोसुद्धा नाही. या एका गोष्टीसाठी मी गॅसवाल्याला पूर्ण मार्क देते, यंदा सगळ्यांच्या अंघोळी फराळाच्या आधी झाल्या, आमच्या घरी हे पहिल्यांदाच.

आता वर का नाही बसवला. हा भाग नीट वाचा कारण दुकानात हे कोणी विचारत नाही.

गॅस गिझरच्या आत एक रबरी डायफ्राम असतो, पाण्याच्या दाबाने तो हलला की गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठिणगी पडते. दाब कमी तर गॅस उघडतच नाही, नुसतं टकटकटक वाजत बसतं. बॉक्सवर बारीक अक्षरात किमान दाब लिहिलेला असतो, बहुतेकांवर ०.०२ एमपीए किंवा ०.२५ बार असं काहीतरी. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब म्हणजे एक बार, हे धरून घरचं गणित करा. आमची टाकी गच्चीवर, कट्टा धरून खालच्या बाथरूमच्या गिझरपासून पाणी साडेपाच-सहा मीटर वर आहे, म्हणजे अर्ध्या बारपेक्षा जास्त, चालतंय. वरच्या बाथरूमच्या गिझरपासून मात्र जेमतेम अडीच मीटर. कागदावर ०.२५ बार, आणि ते पण नळ बंद असताना. पाणी वाहायला लागलं की पाईप, एल्बो, डायव्हर्टर, शॉवरची बारीक भोकं सगळे आपापला वाटा घेतात आणि हातात काही उरत नाही. मी वरच्या नळाखाली बादली ठेवून मोजलं, मिनिटाला साडेतीन लिटर, आणि खाली कोणी अंगणातला नळ सोडला की अडीच. अशा वेळी गिझर मध्येच विझणार, अंगाला साबण असताना.

दुकानदार म्हणाला प्रेशर पंप टाका. टाकता येतो. पण मग पंपाचे सात-आठ हजार, त्याला वीज, तो पहाटे सुरू झाला की घूं आवाज, आणि लाईट गेली की पंप बंद म्हणजे गिझरही बंद. गॅस घेण्याचा अर्धा फायदाच गेला. मजल्यांच्या सोसायटीत राहणाऱ्यांचं उलट असतं, मधल्या मजल्यांना दाब भरपूर, पण सगळ्यात वरच्या मजल्यावर आमच्यासारखंच रडगाणं. तुमच्याकडे गच्चीच्या लगेच खालचं बाथरूम असेल तर आधी बादली आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या, मग दुकानात जा.

पाईपची लांबी पण बघायला पाहिजे. एकच गिझर खाली लावून वर पाणी न्यायचं असा पण एक विचार झाला होता. अर्धा इंची पाईपमध्ये मीटरला साधारण सव्वाशे मिली पाणी बसतं, आमच्याकडे वळसे धरून बारा मीटर झाले असते, म्हणजे दर वेळी दीड लिटर गार पाणी सोडून द्यायचं. दीड लिटर काही फार नाही, पण माझा मुलगा बेसिनवर तोंड धुवायला सुद्धा गरमच सोडतो, तो हात धुवून निघून जाणार आणि गरम पाणी पाईपमध्येच गार होणार. त्यामुळे तो विचार सोडला. वरती जुना २५ लिटरवाला आहे तोच ठेवलाय, त्याचा एनोड रॉड (टाकी सडू नये म्हणून आत असतो तो) बदलून घेतला आणि आतला खडा काढून घेतला, अजून काही वर्षं जाईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, धूर. इथे मी अजिबात हसत नाहीये. गॅस गिझर बाथरूमच्या आत लावायचा नाही. नाही म्हणजे नाही, एक्झॉस्ट फॅन असला तरी नाही, खिडकी मोठी आहे तरी नाही. बंद जागेत हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास असतो तो मुद्दाम मिसळलेला असतो आणि गॅस गळला तर येतो, जळल्यावर तो राहत नाही, त्यामुळे वास येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं मुळीच नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, माणसाला वाटतं गरम पाण्यामुळे होतंय, आणि तो खाली बसतो. दाराला आतून कडी. दर थंडीत पेपरात अशा बातम्या येतात आणि तरी फिटर विचारतात, "ताई, आत लावू का, पाईप कमी लागेल."

मला हा प्रश्न खरंच विचारला गेला. ज्या दुकानातून गिझर घेतला त्यांनी पाठवलेला फिटर आला, ड्रिल काढलं आणि थेट बाथरूमच्या भिंतीवर खूण करायला लागला. मी म्हटलं दादा, मॅन्युअल उघडा, त्यात चित्र काढून फुली मारलीये. तर म्हणाला सगळ्यांकडे आतच लावतो, काही होत नाही. मी म्हटलं मग तुम्ही सामान उचला. शेवटी मागच्या वॉश एरियात लावला, जिथे दोन बाजूंनी उघडं आहे, फक्त ग्रिल आहे, आणि भिंतीतून फक्त गरम पाण्याचा पाईप आत घेतला. या जास्तीच्या कामाचे त्याने वेगळे पैसे मागितले आणि दुकानाने फोनवर हात वर केले, फ्री इन्स्टॉलेशनमध्ये हे येत नाही म्हणे. जिथे कंपनीनेच लावायला सांगितलंय तिथे लावणं फ्री मध्ये येत नसेल तर मग फ्रीमध्ये येतं काय? दुकानाला दोन स्टार, ते पण वस्तू चांगली पॅक करून दिली म्हणून.

सासूबाईंचं मात्र या सगळ्यावर एक वाक्य होतं. "आमचा तांब्याचा बंब पण परसातच असायचा, न्हाणीघरात कोणी पेटवला नाही, आणि धुराडं मधोमध वर." बघा, ज्यांनी कधी मॅन्युअल वाचलं नाही त्यांना हे माहीत होतं.

बसवताना आणखी काय बघितलं ते पटकन सांगते. सिलिंडर उभाच आणि गिझरपेक्षा खाली, पण बंद कपाटात नाही, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. आमच्या वॉश एरियात खाली पाणी जायची मोरी आहे तिच्यापासून लांब ठेवला. नळी आयएसआय मार्कची सुरक्षा होज, जाळीवाली नारंगी, तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांत बदलायची. गरम पाण्याचा पाईप सीपीव्हीसी, साधा पांढरा पीव्हीसी नाही, कारण धार बारीक केली की गॅस गिझर ७० डिग्रीपर्यंत सहज पोचतो आणि साधा पाईप मऊ पडतो. पाणी आत येतं तिथे एक बॉल व्हॉल्व्ह आणि जाळीचा फिल्टर. गिझर घेताना आयएस १५५५८ लिहिलंय का बघा, हे घरगुती एलपीजी गिझरचं भारतीय मानक आहे, आणि ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद होणारा सेन्सर आणि वीस मिनिटांचा टायमर असलेलाच घ्या. तो टायमर मुलाला आवडत नाही. मला फार आवडतो.

ज्यांच्याकडे एमएनजीएलच्या गॅसची पाईपलाईन आलीये त्यांनी एलपीजीचा गिझर घेऊन तिथे जोडू नका, दाब वेगळा, जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडं) वेगळे, पीएनजीचं म्हणजे पाईपच्या गॅसचं मॉडेल वेगळं मिळतं. आमच्या गल्लीत खोदकाम करून ठेवलंय, गॅस यायचाय, त्यामुळे मी दुकानात विचारून घेतलं की जेट बदलून मिळतात का, या मॉडेलचे मिळतात, सगळ्यांचे मिळत नाहीत.

आणि सोलर. नाशिकमध्ये गच्च्यांवर सोलर भरपूर आहेत आणि खरं सांगायचं तर ज्यांच्याकडे आधीच सोलर आहे त्यांनी एवढा विचार करायची गरजच नाही, पावसाळ्यातले ढगाळ दिवस सोडले तर पाणी फुकट तापतंय. फक्त सोलरचं पाणी पुढे गॅस गिझरमधून फिरवायचं असेल तर आत येणारं गरम पाणी चालतं असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं पाहिजे, नाहीतर वेगळी लाईन ठेवा. आमची गच्ची शेजारच्या अपार्टमेंटच्या सावलीत जाते, दुपारी एकनंतर ऊन नाही, म्हणून आमचा तो रस्ता बंद.

पाण्याबद्दल एक वेगळा परिच्छेद पाहिजेच कारण हे नाशिकचं खास आहे. गंगापूर धरणाचं महापालिकेचं पाणी येतं तोवर काही प्रश्न नाही. पण आमच्याकडे पाथर्डी फाट्याच्या बाजूला उन्हाळ्यात बोअरचं पाणी मिसळावं लागतं, आणि ते जड आहे, थेंब टाकून बघायचं किट मिळतं त्याने मोजलं तर कठीणपणा लिटरला ४८० मिलिग्रॅम आला. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं धरतात आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पिणं जाऊ दे, टँकलेसला हे पाणी जास्त त्रास देतं, कारण कॉइल बारीक असते, आत पांढरा थर चढला की पाण्याची वाट अरुंद होते, दाब अजून कमी होतो आणि परत टकटकटक. टाकीवाल्यात तोच खडा तळाशी पडून राहतो, हीटिंग एलिमेंट हळूहळू मरतो पण लगेच अंघोळ थांबत नाही. दुकानात टीडीएस मीटर बुडवून "पाणी ओके आहे" सांगतात, पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजणं, तो कठीणपणा नव्हे, किट वेगळं घ्या, फार महाग नसतं. वर्षातून एकदा सायट्रिक अॅसिड म्हणजे आपलं लिंबूसत्व, ते कोमट पाण्यात विरघळवून कॉइलमधून फिरवून घ्यायचं, सर्व्हिसवाला हेच करतो आणि त्याचे पैसे घेतो.

वापरताना काय वाटतं ते पण लिहिते, नाहीतर नुसती आकडेमोड झाली. नळ सोडल्यावर आठ-दहा सेकंद गार येतं, मग गरम, आणि मग एकदम जास्त गरम. सुरुवातीला सगळ्यांची तारांबळ उडाली कारण सवयीने आपण गरम नळ थोडा बारीक करतो आणि गार नळ मोठा करतो, पण इथे गरम बारीक केला की आतलं पाणी हळू जातं, जास्त तापतं, आणि अजून बारीक केला की ज्योत विझते. उलटं शिकायला लागतं, गरम नळ पूर्ण सोडायचा आणि तापमान गिझरच्या खालच्या बटणावरून कमी करायचं. मध्ये नळ बंद करून परत सोडला की आधी गरम, मग मध्येच एक गार लाट, मग परत गरम, तांब्याने अंघोळ करणाऱ्याला कळतही नाही पण शॉवरखालचा माणूस किंचाळतो. बादलीवाल्यांसाठी ही वस्तू अगदी योग्य आहे. सासूबाईंनी स्वतः बटण कमी-जास्त करायला घेतलंय आणि आता त्या माझ्या नवऱ्याला सांगतात कुठल्या आकड्यावर ठेवायचं. समर-विंटर असं एक बटण असतं, ते मार्चमध्ये फिरवायला विसरू नका, नाहीतर चटके.

तर माझे स्टार असे. खालच्या मजल्यावर, बाहेरच्या मोकळ्या जागेत, दाब चांगला, घरात बादलीने अंघोळ करणारी चार-पाच माणसं आणि सणाला डबल, अशा घरी गॅसचा टँकलेस साडेचार स्टार, अर्धा कापला तो त्या गार लाटेसाठी. गच्चीखालच्या बाथरूमला एक स्टार. बाहेर लावायला जागाच नाही अशा फ्लॅटमध्ये शून्य, तिथे टाकीवाला १५ किंवा २५ लिटर घ्या, ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच बंद करणारा स्विच) आणि नीट अर्थिंग करून घ्या आणि शांत झोपा. ३ लिटरचा इन्स्टंट किचनच्या सिंकला चार स्टार, तेलकट भांड्यांना थंडीत फार उपयोगी, अंघोळीला दोन. विजेवरचा मोठा टँकलेस ज्यांच्या बंगल्यात आधीच थ्री फेज आहे त्यांनी बघावा, आमच्यासारख्यांनी नाही.

एक किरकोळ गोष्ट, बॉक्समध्ये जे सेल येतात ते वापरू नका, चांगले अल्कलाईन घ्या, मोठे, डी साईजचे. सेल उतरले की टकटक आवाज येतो पण ठिणगी मारत नाही आणि लोक मेकॅनिकला बोलावतात, तो येतो, सेल बदलतो आणि व्हिजिट चार्ज म्हणून चारशे रुपये घेऊन जातो. आमच्या शेजारच्या काकांकडून घेऊन गेला.